जुन्या गाडीला जायला गाव हवं

मार्गशीर्षातली अमावस्या आली की धाराशिव जिल्ह्यातली गावं रिकामी होतात आणि रानं भरतात. वेळ अमावस्या. आंबिलीचा बिंदगा, भज्जीचं पातेलं, उंडे, सतरंज्या, म्हातारी माणसं, लेकरं, सासरहून आलेल्या लेकी, एवढं सगळं एका खेपेत शेतावर पोचवायचं असतं. घरची मोटरसायकल त्याला पुरत नाही. मग पत्र्याच्या शेडमध्ये कडब्याआड उभी असलेली जुनी जीप आठवते. ताडपत्री निघते. बॅटरी उतरलेली असते, म्हणून चौघं मागून ढकलतात, दुसऱ्या गिअरवर क्लच सुटतो, धुराचा लोट येतो आणि गाडी लागते. बांधावर अशा दोन-चार जीपा, एखादी फियाट, एखादा जुना ट्रॅक्टर उभा राहिला की जेवणं उरकल्यावर बाप्ये त्यांच्याभोवतीच जमतात. गाडी कुठल्या सालची, इंजिन कधी उतरवलं, बोअर कुणी केला, पिस्टन कुठून आणले, यावर उन्हं कलेपर्यंत बोलणं चालतं.

याच जिल्ह्यातला जुन्या गाड्यांचं वेड असलेला माणूस हिवाळ्यात मुंबईची वाट धरतो. चारशे किलोमीटरवरच्या त्या शहरात जुन्या मोटारींचे ताफे निघतात. मर्सिडीज-बेंझच्या जुन्या गाड्यांची रॅली तर तिथं २०१४ पासून भरते. हा माणूस पहाटे पोचतो, दिवसभर उभा राहून पाहतो, रात्रीच्या गाडीनं परततो आणि पुढचा महिनाभर मित्रांना फोटो दाखवतो. क्रोमचे चकचकीत बंपर, लाल कातडी सीटा, बॉनेटवरची चांदणी. देवदर्शनाहून आलेला माणूस प्रसाद वाटतो तसं हे वाटणं असतं आणि त्यातला आनंद खरा असतो. पण त्या फोटोंत धाराशिवची एकही गाडी नसते. शेडमधली जीप आणि मुंबईची रॅली या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असं कुणाच्या मनातही येत नाही.

तो संबंध जोडण्याची वेळ आली आहे. जुनी गाडी पैशाने टिकत नाही आणि नुसत्या मायेनेही टिकत नाही. वर्षातून निदान एकदा कुठं तरी जायचंय, लोक पाहणार आहेत, वाटेत बंद पडून चालणार नाही, एवढं कारण असलं की मालक तिचं तेल बदलतो, टायर पाहतो, मिस्त्रीला बोलावतो. कारण नसलं की तिच्यात उंदीर बिऱ्हाड करतात. म्हणून जुन्या गाडीला जायला एक गाव हवं आणि धाराशिव जिल्ह्यानं ते गाव व्हावं.

महाराष्ट्रात याचं सर्वांत देखणं उदाहरण कोल्हापूरचं आहे. छत्रपती घराण्याची केशरी रंगाची मेबॅक मोटार दसऱ्याला नव्या राजवाड्यातून निघते आणि शाही सोहळ्यासाठी दसरा चौकात येते. राजाराम महाराजांच्या काळातली ही जर्मन गाडी जगातल्या कुठल्याही संग्रहालयानं काचेआड ठेवली असती. कोल्हापुरात ती रस्त्यावर येते, गर्दीतून वाट काढते, इंजिनाचा आवाज लोकांच्या कानावर पडतो. दसरा दरवर्षी येतो, म्हणून ती गाडी दरवर्षी चालू होते. उलट अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टवर बांधलेली चिलखती मोटार आहे. १९९४ साली उघडलेलं हे संग्रहालय मराठवाड्यातून जाणाऱ्या प्रत्येकानं पाहावं असंच आहे. तिथल्या यंत्रांपुढे माणूस नतमस्तक होतो. पण ती यंत्रं आता उभी आहेत. उभ्या यंत्राला पाहणं आणि त्याच यंत्राला चढावर दम लागताना ऐकणं यांत फार अंतर आहे.

हे अंतर ज्यांनी ओळखलं त्यांनी जगभर मोठे मेळे उभे केले. इंग्लंडमधल्या गुडवूडची गोष्ट यासाठी मुळातून समजून घ्यावी. दुसऱ्या महायुद्धात तिथं लढाऊ विमानांचा तळ होता. युद्ध संपलं, विमानं गेली, विमानतळाभोवतीचा गोल रस्ता उरला. त्या जमिनीचे मालक ड्यूक ऑफ रिचमंड यांनी १९४८ च्या सप्टेंबरात त्याच रस्त्यावर मोटार शर्यती सुरू केल्या. अठरा वर्षांनी, १९६६ मध्ये त्या बंद पडल्या, कारण गाड्यांचा वेग त्या रस्त्याला झेपेना. ड्यूकच्या नातवानं १९९८ मध्ये, बरोबर पन्नास वर्षांनी, तो रस्ता जसाच्या तसा दुरुस्त करून ‘गुडवूड रिव्हायवल’ सुरू केलं. तिथं १९६६ पर्यंतच्याच धाटणीच्या गाड्या धावतात, आणि त्या खरोखर शर्यतीच्या वेगानं धावतात. बघायला येणारी माणसंही त्या काळचे कपडे घालून येतात. म्हातारा मेकॅनिक जुन्या कार्बोरेटरवर वाकलेला असतो आणि शेजारी त्याची नात पाना हातात घेऊन उभी असते. मेळ्यानं गाड्या तर वाचवल्याच, त्या गाड्यांची विद्याही वाचवली.

लंडन ते ब्रायटन ही दौड त्याहून जुनी. १८९६ साली ब्रिटिश कायद्यानं मोटारींची वेगमर्यादा ताशी ४ मैलांवरून १४ मैलांवर नेली, त्या आनंदात काही मोटारवाले १४ नोव्हेंबरला लंडनहून ब्रायटनला गेले. १९२७ मध्ये त्याची आठवण म्हणून पुन्हा दौड काढली, आणि पुढं ती परंपरा झाली. १९०५ च्या आधीच्या गाड्यांनाच तिथं प्रवेश आहे. अंतर सुमारे ९६ किलोमीटर. कोण आधी पोचला याची नोंद महत्त्वाची नसते. पोचणं हाच मान. ९६ किलोमीटर हा आकडा लक्षात ठेवावा, पुढं त्याचा उपयोग आहे.

आता सोलापूरकडे वळू. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. जहाज, विमान आणि मोटार हे तिन्ही उद्योग हिंदुस्थानात उभे करायचेच, या जिद्दीनं झपाटलेला हा माणूस. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली; कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ, मग १९५४ पासून इटालियन फियाट ११००. महाराष्ट्रानं या गाडीला आपलं मानलं. तिच्या गोल पाठीमुळं लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं आणि त्या नावात कुठेही तिरस्कार नव्हता. पुढची दारं उलटी उघडणारी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असणारी, १०८९ सीसीची ही गाडी डॉक्टरांची होती, वकिलांची होती, बाजार समितीतल्या अडत्यांची होती. पुढं तीच डिलाइट झाली, १९७४ पासून पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. त्या टॅक्सीची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि २०२३ च्या ३० ऑक्टोबरपासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात कितीतरी लोकांनी घरातलं माणूस गेल्यासारखं लिहिलं.

पण याच फियाटची सख्खी बहीण, ११०० टीव्ही, जगातल्या सर्वांत कठीण शर्यतींपैकी एकीत धावत होती, हे त्या शोकात फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. इटलीतली मिल्ले मिल्या म्हणजे हजार मैल. ब्रेशाहून निघायचं, रोमला वळसा घालायचा आणि परत ब्रेशाला यायचं, तेही सर्वसाधारण रस्त्यांवरून. १९२७ ते १९५७ या काळात ही शर्यत झाली. तिच्यात गाड्या एकेक करून सुटत, आणि गाडीवरचा क्रमांक म्हणजे तिची सुटण्याची वेळ असे. लहान गाड्या आदल्या रात्रीच सुटत. १९५५ मध्ये स्टर्लिंग मॉस यांच्या मर्सिडीजवर ७२२ लिहिलं होतं, कारण ती सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी निघाली. दहा तास सात मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांत त्यांनी शर्यत मारली. शेजारी बसलेले डेनिस जेन्किन्सन यांनी सगळ्या रस्त्याच्या खाणाखुणा एका लांबलचक कागदाच्या गुंडाळीवर लिहून घेतल्या होत्या आणि ती गुंडाळी फिरवत ते हातवाऱ्यांनी पुढचं वळण सांगत होते. त्याच रस्त्यांवर, त्याच काळात, रात्रीच्या अंधारात लहानग्या फियाट धावल्या होत्या.

१९५७ मध्ये ग्विदिझ्झोलो गावाजवळ एक फेरारी गर्दीत घुसली. प्रेक्षक गेले, त्यांत लेकरं होती. शर्यत कायमची बंद झाली. १९७७ मध्ये मिल्ले मिल्या परत आली ती वेगळ्या रूपात. आता तिथं वेग मोजत नाहीत, ठरलेल्या वेळेला ठरलेल्या टप्प्यावर पोचण्याची अचूकता मोजतात. आणि मूळ शर्यतीच्या काळात ज्या जातीच्या गाड्या धावल्या त्यांनाच प्रवेश मिळतो. म्हणजे धाराशिवच्या एखाद्या वाड्यात धूळ खात उभी असलेली डुक्कर फियाट ही ब्रेशाच्या चौकात हार घालून उभ्या असलेल्या गाडीच्या कुळातली आहे. मुंबईच्या रॅलीत मर्सिडीजपुढे हात बांधून उभ्या राहणाऱ्या माणसाला हे कुणी तरी सांगायला हवं.

मराठी माणूस अशा मेळ्यांना परका आहे असंही नाही. पुण्याचे संजय टकले २०२५ च्या जानेवारीत सौदी अरबस्तानच्या वाळवंटात डकार क्लासिकमध्ये उतरले. डकार रॅलीच्या जोडीनं २०२१ पासून भरणारी ही स्पर्धा जुन्या जातीच्या गाड्यांसाठी आहे आणि तिचाही पाया अचूकतेचा आहे. टकले यांनी टोयोटा लँड क्रूझर घेऊन ती पूर्ण केली. मराठवाड्यातल्या कितीतरी ड्रायव्हरांनी आयुष्यभर ज्या तऱ्हेच्या बिनरस्त्याच्या वाटांवर जीप हाकली, त्याच तऱ्हेचं कौशल्य तिथं लागतं: खडीवर स्टिअरिंग घट्ट न धरता सैल धरणं, ओढ्याच्या वाळूत गिअर न बदलणं, इंजिनाच्या आवाजावरून चढ ओळखणं.

आपल्या देशात शर्यतीच्या गाड्यांचा मोठा जुना अड्डा होता तो मद्रासजवळच्या शोलावरमला. गुडवूडसारखा तोही युद्धकाळातला विमानतळच. १९५३ साली स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब तिथं शर्यती भरवू लागला. संस्थानिकांच्या जॅग्वारपासून ते घरच्या घरी हलक्या केलेल्या फियाट आणि हेराल्डपर्यंत सगळं तिथं धावलं. पुढं क्लबनं १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टई इथं स्वतःचा पक्का ट्रॅक बांधला. शोलावरमच्या धावपट्टीला मात्र गुडवूडसारखं पुनर्जन्माचं भाग्य लाभलं नाही. दोन विमानतळ, एकाच युद्धातले. एका ठिकाणी नातवानं आजोबांचा रस्ता दुरुस्त केला. दुसऱ्या ठिकाणी तसा नातू उभा राहिला नाही.

धाराशिव जिल्ह्याला स्वतःचा मोटारीचा इतिहास आहे का, असा प्रश्न विचारला तर बहुतेक जण मान हलवतील. पण तो आहे, आणि चांगला भरगच्च आहे. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. जिल्ह्याला ज्यांचं नाव शतकभर होतं त्या मीर उस्मान अली खान यांच्याकडे पिवळ्या रंगाची रोल्स-रॉइस होती, त्यांच्या वडिलांनी मागवलेली. ती आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे. याहून महत्त्वाची गोष्ट बसची. निजाम सरकारच्या रेल्वेनं १९३२ मध्ये रस्ते वाहतूक खातं सुरू केलं, २७ बस आणि १६६ माणसं घेऊन. त्या वेळची एक अल्बियन बस हैदराबादच्या बस भवनात जपून ठेवली आहे. महाराष्ट्राची एसटी धावली ती १ जून १९४८ ला, अहमदनगर ते पुणे. म्हणजे सरकारी बस नावाची गोष्ट निजामाच्या मुलखात सोळा वर्षं आधीची आहे. राजाची मोटार आणि रयतेची बस, दोन्ही हैदराबादेत जपल्या गेल्या. ज्या जिल्ह्यांच्या मातीच्या सडकांवर खात्याच्या बस वाढत गेल्या, तिथं त्यांची एक नामपाटीही नाही.

आणि मग नळदुर्ग. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हुकमाखालची भारतीय फौज सोलापूरकडून संस्थानात शिरली ती सोलापूर-हैदराबाद सडकेनं. पहिली गाठ नळदुर्गला पडली. बोरी नदीवरचा पूल निजामाच्या सैन्यानं उडवला असता तर रणगाडे आणि मोटारी तिथंच खोळंबल्या असत्या. पूल शाबूत हाती आला. पाच दिवसांत, १७ सप्टेंबरला, निजामानं शस्त्रं खाली ठेवली. मराठवाड्याच्या मुक्तीची कथा आपण सत्याग्रहींची आणि हुतात्म्यांची म्हणून सांगतो, ते योग्यच आहे. पण ती एका पुलाची, एका सडकेची आणि तिच्यावरून धावलेल्या जीप-ट्रकांचीही कथा आहे. जुन्या लष्करी गाड्यांचे मेळे युरोपात जिथं भरतात तिथं अशी एखादी जागा असती तर तिच्यावर दरवर्षी हजारो माणसं आली असती. नळदुर्गला किल्ला आहे, १६१३ चा पाणीमहाल आहे, नर-मादी धबधबा आहे. मोटारीच्या इतिहासातलं त्याचं स्थान मात्र कुठल्याच फलकावर लिहिलेलं नाही.

हे सगळं आत्ताच का म्हणायचं, याला कारण आहे. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या नियमानं पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द झाली. नियमाचा हेतू धुरापासून सुटका हा आहे आणि त्याला विरोध करण्याचं कारण नाही. पण त्या नियमानं तहसील कचेऱ्यांच्या जीपा, पंचायत समित्यांच्या गाड्या, आरोग्य केंद्रांची वाहनं, एसटीच्या जुन्या बस एकाच झटक्यात भंगाराच्या वाटेला लागल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सास्तूर, माकणी आणि उमरगा-लोहारा भागातल्या गावांतून जखमींना बाहेर काढणारी हीच त्या जातीची वाहनं होती: सरकारी जीपा, एसटी, खासगी ट्रक, काळी-पिवळी. त्यांतली एखादी जरी कुठल्या आवारात शिल्लक असेल, तर ती भंगारात घालण्याआधी जिल्हा परिषदेनं दहा वेळा विचार करावा. एक जीप आणि एक लाल बस जपायला लागणारा खर्च एखाद्या स्वागत कमानीहून जास्त नसेल.

खासगी गाड्यांचा मामला वेगळा आणि जास्त आशेचा आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी नवी तरतूद आली. पन्नास वर्षांहून जुनं, व्यापारी वापरात नसलेलं, चासी-बॉडी-इंजिन मूळ रूपात असलेलं दुचाकी किंवा चारचाकी वाहन तिच्यात बसतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, मुदत दहा वर्षं. नंबरपाटीवर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ येतं. अशी गाडी रोज बाजाराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. म्हणजे नियमच सांगतो की या गाड्यांना मेळा हवा. ज्या जिल्ह्यात मेळाच नाही, तिथल्या मालकानं वीस हजार भरून गाडी चालवायची कुठं? १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडत आहेत. जुन्या डिलाइट आणि विलीज जीपा तर कधीच ओलांडून गेल्या. धाराशिवच्या परिवहन कार्यालयानं एमएच-२५ च्या हद्दीत अशा किती गाड्या आहेत हे शोधण्यासाठी एक दिवसाचं शिबिर घेतलं, मालकांना कागद कसे करायचे ते समजावलं, तर निम्मं काम तिथंच होईल.

उरलेलं निम्मं काम मिस्त्रींचं आहे, आणि तेच सर्वांत नाजूक आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा, कळंब, भूम इथल्या स्टँडजवळच्या गॅरेजांत अजून अशी माणसं आहेत की जी लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवतात, दुसरं टोक कानाला लावतात आणि कुठला टॅपेट वाजतोय ते सांगतात. पॉइंटची फट फिलर गेज नसेल तर हॅकसॉच्या पानानं लावतात. मिळत नसलेला बुश लेथवर उतरवून घेतात. पत्र्याचं काम करणारे हात असे की मडगार्डाचा वाक हातोडीनं ठोकत ठोकत मूळ जागी आणतात. या विद्येची शाळा नाही. ती उस्तादाकडून शागिर्दाकडे गेली, हिंदू-मुसलमान घरांत मिसळून गेली आणि आता शागिर्द येईनासा झाला, कारण नव्या गाडीला संगणक लावून दोष कळतो. गुडवूडला जी नात पाना हातात घेऊन उभी असते, तिला शिकायला कारण आहे. दर सप्टेंबरात गाडी धावणार आहे, हे तिला ठाऊक आहे. आपल्याकडच्या पोरानं कार्बोरेटर का शिकावा?

दुष्काळी जिल्ह्यात ही हौस कशाला, असं विचारलं जाईल. प्रश्न रास्त आहे. केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत धाराशिव आहे; इथल्या कित्येक घरांत पाण्याची आणि कर्जाची चिंता गाडीच्या आधी येते. पण इथल्या जुन्या गाड्या राजेरजवाड्यांच्या नाहीत. त्या शिक्षकांच्या, डॉक्टरांच्या, ट्रॅक्टर भाड्यानं देणाऱ्यांच्या, एकेकाळी काळी-पिवळी हाकणाऱ्यांच्या आहेत. त्यांचा मेळा भरवायला ताजमहालासारखं हॉटेल लागत नाही. पटांगण, सावली, पाणी आणि पोलिसांची थोडी मदत पुरते. त्यातून गॅरेजला काम मिळतं, धाब्याला गिऱ्हाईक मिळतं, नळदुर्गच्या किल्ल्याला पाहुणे मिळतात. धुराचं म्हणाल तर वर्षाला शे-दोनशे किलोमीटर चालणारी गाडी रोज धावणाऱ्या एका डंपरच्या पासंगालाही पुरणार नाही.

बैलगाडा शर्यतीचं उदाहरणही इथं आठवतं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या, २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयानं परवानगी दिली, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या वर्षांत गाडामालक एकच म्हणणं मांडत राहिले: शर्यत नसली तर खिलार दावणीला कोण बांधेल? मुक्या जिवाला होणाऱ्या त्रासाचा प्रश्न तिथं होता आणि अटी घालूनच तो सुटला. लोखंडाच्या बाबतीत तो प्रश्न नाही. म्हणणं मात्र तेच आहे.

तर मेळा कसा असावा? वेळ अमावस्येनंतरचा पहिला रविवार धरावा. पाऊस संपलेला, रस्ते कोरडे, हवा थंड म्हणून इंजिनं तापत नाहीत आणि ज्वारी हुरड्याला आलेली. सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन मुद्दाम टाळावा, कारण त्या दिवसांच्या आठवणी जिल्ह्यातल्या सगळ्या घरांत सारख्या नाहीत आणि हा मेळा सगळ्या घरांचा असायला हवा. सोलापुरात, वालचंदांच्या जन्मगावी, सकाळी सातला गाड्या सुटाव्यात. पहिला थांबा नळदुर्ग, बोरीच्या पुलाजवळ. तिथून तुळजापूर, तिथून धाराशिव. अंतर शंभरेक किलोमीटर, म्हणजे लंडन-ब्रायटनएवढंच. वेगाची शर्यत अजिबात नको. ग्विदिझ्झोलोची आठवण ठेवून, ठरलेल्या वेळेला ठरलेल्या ठिकाणी पोचण्याचीच स्पर्धा असावी आणि मिल्ले मिल्यासारखा गाडीवरचा क्रमांक म्हणजे तिची सुटण्याची वेळ असावी. सर्वांत जुनी जीप ७००, तिच्यामागची फियाट ७०२, मग जावा, येझदी, बुलेट, राजदूत. ट्रॅक्टरांना सोलापूरहून बोलावू नये, ते तुळजापूरपासून सामील व्हावेत. जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशभर जावा-येझदीवाले आपणहून जमतात, त्यांना कुणी आमंत्रण देत नाही. ती मंडळी इथंही येतील.

धाराशिवच्या विमानतळावर धावपट्टी आहे आणि तिच्यावर विमानं क्वचितच उतरतात. गुडवूड आणि शोलावरम या दोन्ही नावांची सुरुवात विमानतळावरच झाली, हे लक्षात घेऊन प्रशासनानं एका दिवसासाठी तिच्या कडेचं मैदान उघडून द्यावं. संध्याकाळी गाड्या तिथं रांगेत उभ्या राहाव्यात, बॉनेट उघडी असावीत आणि प्रत्येक गाडीपुढे मालकाच्या नावाशेजारी तिच्या मिस्त्रीचंही नाव लिहिलेलं असावं.

आणि मुंबईला जाऊन येणाऱ्या हौशी माणसाला एक विनंती. पुढच्या खेपेला रोल्स-रॉइसचा फोटो जरूर काढावा. पण त्या रांगेत एखादी फियाट दिसली तर तिच्याशी थोडा जास्त वेळ थांबावं. कारखान्याची पाटी वाचावी, इंजिन क्रमांक टिपावा, वॉटर पंप कुठून मिळवला ते विचारावं, रबरी बीडिंग कुठं बनवून घेतलं ते विचारावं, काम कुणी केलं त्याचं गाव लिहून आणावं. परतल्यावर मित्रांना हे सगळं फोटोंसोबत सांगावं. उमरग्याच्या एखाद्या शेडमध्ये नेमक्या त्याच वॉटर पंपासाठी एक गाडी उभी राहिलेली असू शकते.

त्या गाडीचा मालक वेळ अमावस्येला तिला ढकलत नेतो. शेतात पोचल्यावर बॉनेट उघडून रेडिएटरवर कळशीभर पाणी ओततो आणि लेकरांना सांगतो की तुमच्या आजोबांनी ही सोलापूरहून आणली तेव्हा गावातली अर्धी माणसं वेशीवर आली होती.